शेरी आणि व्हरमूथ: घरी केलेला 'बांबू' फिका का लागतो?

विलेपार्लेकर
नमस्कार मंडळी. जिन, रम किंवा व्हिस्कीचा थेंबही न घालता, निम्मी फिनो शेरी (स्पेनची, स्पिरिट घालून बळकट केलेली कोरडी वाईन) आणि निम्मी ड्राय व्हरमूथ (वनस्पती मुरवलेली, कमी गोड वाईन) एकत्र करून होणारे 'बांबू' हे जुने कॉकटेल मी लोअर परळच्या एका बारमध्ये घेतले आणि तेव्हापासून ते घरी जमवण्याच्या मागे आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात व्हिस्कीचा वासही नको वाटतो, बिअरने पोट फुगते आणि वाईनची बाटली एकट्याने संपत नाही. त्यामुळे संध्याकाळी एकच हलका, थंड आणि कोरडा ग्लास हवा असेल, तर यासारखे पेय नाही असे माझे मत झाले आहे.

माझी कृती अशी आहे. 45 मिली फिनो, 45 मिली ड्राय व्हरमूथ, ऑरेंज बिटर्सचे (संत्र्याच्या सालीचा कडू अर्क) दोन झटके आणि अंगोस्तुरा या मसालेदार कडू अर्काचे दोन थेंब बर्फावर ढवळून, गाळून, वर लिंबाचे सालपट पिळतो. बारमधल्या ग्लासात खारट बदामासारखी जी तरतरी होती, ती घरी येत नाही. चव फिकी लागते आणि मागे सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसा वास राहतो. फिनो विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून आणलेली आहे आणि दोन्ही बाटल्या हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलेल्या आहेत. प्रमाण बदलावे, व्हरमूथ बदलावी की बर्फाचे काही चुकते आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अर्धापेग
शीर्षक वाचून हा गणपतीच्या मंडपाचा धागा असावा असे वाटले होते. असो, आता आलोच आहे तर बसतो.

मांडवीचा_खलाशी
विलेपार्लेकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे, आणि ते उत्तर म्हणजे शोकेस.

जहाजावरच्या नोकरीत स्पेनच्या कादिझ बंदराला लागणे होत असे. तिथून खेरेस आणि सानलुकार ही शेरीची गावे हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या साध्या खानावळीतही फिनोची बाटली बर्फाच्या बादलीत किंवा फ्रीजमध्येच असते आणि ती उघडली की लगेच संपवायची असा शिरस्ता आहे. फिनो ही पालोमिनो द्राक्षाची वाईन असते. तिच्यात द्राक्षापासूनच काढलेला स्पिरिट घालून मद्यार्क साधारण 15 टक्क्यांपर्यंत आणतात आणि मग ती पूर्ण न भरलेल्या पिंपांत ठेवतात. तिच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते, जिला तिथे 'फ्लोर' म्हणतात. ती साय वाईनचा हवेशी संबंध येऊ देत नाही, आणि तुम्ही म्हणता ती तरतरी त्या सायीखालीच तयार होते. बाटलीत भरताना साय गाळली जाते. पुढे बूच निघाले की वाईनला हवेपासून वाचवणारे काहीच उरत नाही. फ्रीजमध्ये ती आठवडाभर बरी राहते, पण मुंबईच्या दमट हवेत शोकेसमध्ये ठेवलेल्या उघड्या फिनोकडून काहीही अपेक्षा ठेवू नये.

ठाणेकर_आजोबा
शेरी म्हणजे काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची आणि पाहुण्यांना अंगठ्याएवढ्या ग्लासात द्यायची वस्तू, असेच आमच्या पिढीला माहीत आहे. माझ्या एका साहेबांच्या घरी अशी एक बाटली होती आणि ती कधीही खराब झालेली मी पाहिली नाही. खलाशीबुवांचे म्हणणे जरा अतिरेकी वाटते.

मांडवीचा_खलाशी
आजोबा, साहेबांची ती बाटली बहुधा क्रीम शेरीची असणार. तिचा पाया ओलोरोसो नावाची शेरी असते. ओलोरोसोमध्ये मद्यार्क सुरुवातीलाच 17 टक्क्यांच्या वर नेल्यामुळे फ्लोर जगतच नाही आणि ती वाईन पिंपात वर्षानुवर्षे हवा खातच मुरते. त्यात गोडवा मिसळला की झाली क्रीम. हवेची सवय आधीच झालेली असल्याने ती बाटलीत पुष्कळ टिकते. फिनो आणि क्रीम या दोघी एकाच गावच्या असल्या तरी त्यांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत. बांबूमध्ये क्रीम घातली तर जे होईल त्याला माझ्या मते काकवीचे सरबत म्हणावे लागेल.

रसायनी
बर्फाविषयी थोडे लिहितो, कारण या पेयात बर्फ हा तिसरा घटक आहे आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

15 टक्क्यांची 45 मिली फिनो आणि 18 टक्क्यांची 45 मिली व्हरमूथ यांत मिळून शुद्ध मद्यार्क 14.85 मिली होतो. ढवळताना त्यात 20 ते 25 मिली पाणी उतरते, म्हणजे ग्लासात येणारे पेय सुमारे 13 टक्क्यांचे, साध्या वाईनइतके, असते. आता मार्टिनी पाहा. तिच्यात 42.8 टक्क्यांची 60 मिली जिन असते, त्यामुळे दहा मिली पाणी जास्त झाले तरी तिचे फारसे बिघडत नाही. बांबूला मात्र तेवढे पाणी सोसत नाही. तुमच्या बाटल्या शोकेसमधून निघतात तेव्हा त्या 30 अंशांच्या आसपास असतात. त्यांना थंड करण्यात बर्फाचा मोठा भाग वितळतो आणि तो सगळा ग्लासातच येतो. चव फिकी लागण्याचे निम्मे कारण हेच असावे.

उपाय सोपा आहे. दोन्ही बाटल्या, ढवळायचे भांडे आणि प्यायचा ग्लास हे सगळे फ्रीजमध्ये ठेवावे. बर्फ ट्रेमधून काढल्यावर लगेच वापरावा. बाहेर राहून ओला झालेला असेल, तर त्यावरचे पाणी झटकून टाकावे. वीस-पंचवीस सेकंद ढवळणे पुरते. शेकरमध्ये घालून खळखळा हलवू नये, कारण त्याने पाणी वाढते आणि पेय गढूळ दिसते.

अर्धापेग
एवढी उस्तवार करण्यापेक्षा जिनसारखी सगळी बाटलीच डीपफ्रीजरमध्ये टाकली तर चालणार नाही का?

रसायनी
चालणार नाही. 42.8 टक्क्यांची जिन घरगुती फ्रीजरच्या उणे 18 अंशांनाही द्रव राहते, पण साडेसोळा टक्क्यांचे हे मिश्रण उणे सहा-सात अंशांच्या आसपासच गोठू लागते. माझ्या एका मित्राने ते रात्रभर तसे ठेवले होते. सकाळी बाटलीत बर्फाचा भुगा झालेला होता आणि बूच वर सरकले होते. फ्रीजचा खालचा कप्पाच योग्य.

चाफेकळी
व्हरमूथचा मुद्दा राहून गेला आहे. आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये 'पांढरी व्हरमूथ' मागितली की पुष्कळदा बिआंको हातात ठेवतात. रंगाने ती ड्रायसारखीच दिसते, परंतु चांगलीच गोड असते. युरोपातल्या नियमांनुसार ड्राय व्हरमूथमध्ये लिटरमागे 50 ग्रॅमपेक्षा कमी आणि एक्स्ट्रा ड्रायमध्ये 30 ग्रॅमपेक्षा कमी साखर असावी लागते, तर गोड प्रकारात 130 ग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. फिनोमध्ये साखर जवळजवळ नसतेच. म्हणजे बांबूतला सगळा गोडवा व्हरमूथच ठरवते. बाटली घेताना पुढचे चित्र न पाहता 'ड्राय' किंवा 'एक्स्ट्रा ड्राय' हे शब्द वाचून घ्यावेत. आणि हो, व्हरमूथही वाईनच आहे. उघडल्यावर तीदेखील फ्रीजमध्येच, उभी ठेवावी. महिना-दीड महिना तिला काही होत नाही.

जाता जाता एक विचारते. व्हरमूथमध्ये वर्मवुड नावाची कडू वनस्पती घालतात, ती आपल्या दवण्याच्या जवळची आहे असे वाचले होते. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा दादरच्या फूलबाजारात जुड्यांनी मिळतो. नाशिकच्या कोरड्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनमध्ये दवणा, संत्र्याची साल, दालचिनी असे काही मुरवून घरच्या घरी व्हरमूथसारखे करता येईल का?

रसायनी
दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलन्स आणि वर्मवुड म्हणजे आर्टेमिसिया अॅबसिन्थियम, म्हणजे दोन्ही एकाच कुळातल्या खऱ्या. पण दवण्याचा वास गोडसर, फळांकडे झुकणारा असतो आणि वर्मवुडची ती रोखठोक कडू धार त्यात नाही. शिवाय खऱ्या व्हरमूथमध्ये वाईन स्पिरिट घालून बळकट केलेली असते. नुसत्या वाईनमध्ये पाने बुडवून ठेवली तर मुंबईच्या हवेत ती आधी आंबट होईल आणि मग व्हरमूथ होण्याचा विचार करेल. बाजारातला दवणा खाण्यासाठी म्हणून पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारले आहे हेही माहीत नसते, त्यामुळे तो पोटात जाईल असे काही करू नये. कुंडीत लावलेला घरचा दवणा असेल, तर त्याची एक काडी बोटांत चुरगळून ग्लासाच्या कडेवरून फिरवावी आणि बाजूला ठेवावी. वास छान येतो. मी स्वतः असेच करतो.

निर्व्यसनी
मी पीत नाही, तरीही उत्सुकतेने वाचतो आहे. एकच शंका आहे. आपण सगळे याला 'कमी मद्यार्काचे' म्हणत आहात. रसायनी यांनी दिलेला 14.85 मिलीचा आकडा पाहता, यात आणि व्हिस्कीच्या एका पेगमध्ये नेमका फरक काय?

रसायनी
शंका रास्त आहे. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये 12.84 मिली शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे बांबूचा एक ग्लास छोट्या पेगपेक्षा किंचित भारीच आहे. 60 मिली जिन आणि 15 मिली व्हरमूथच्या मार्टिनीत मात्र 28 मिलीच्या पुढे जातो, त्यामुळे तिच्या तुलनेत तो निम्मा ठरतो. 'कमी' हा शब्द कॉकटेलांच्या पंगतीपुरता आहे, वजनात मोजायचे तर ग्लासात 12 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतोच. कोणी दोन ग्लास घेऊन 'हे काय हलकेच आहे' म्हणत गाडीची किल्ली उचलू नये. रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम ही आपल्याकडची कायद्याची मर्यादा आहे आणि ती फार खाली आहे.

ठाणेकर_आजोबा
परवान्याचेही कोणीतरी सांगून ठेवा. महाराष्ट्रात घरी मद्य बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, हे नव्या मंडळींच्या गावीही नसते. मी आजन्म परवाना कधीच काढून ठेवला आहे आणि तो लॅमिनेट करून पाकिटात ठेवतो.

अर्धापेग
आजोबांचा परवाना आजन्म आणि साहेबांची शेरीही आजन्म!

वसईवाली
आमच्याकडे नाताळात घरची वाईन होते, त्यामुळे उरलेल्या बाटलीचे काय करायचे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. विलेपार्लेकरांनी ती शोकेसमधली फिनो ओतून देऊ नये. कोळंबी लसणीवर परतताना अर्धी वाटी घालून मोठ्या आचेवर आटवावी, वास उडून जातो आणि खारटपणा मागे राहतो. ताज्या फिनोबरोबर काय खावे असे विचाराल, तर रवा लावून कुरकुरीत तळलेले बोंबील. स्पेनची मंडळी तळलेल्या मासळीबरोबरच ती पितात असे ऐकून होते, आणि बोंबील तळून पाहिल्यावर ते पूर्ण पटले. बोंबील आधी दाबून त्यातले पाणी नीट काढा, नाहीतर तो तव्यावर विरघळतो आणि मग दोष शेरीला जातो.

चाफेकळी
वसईवाली, कोळंबीचे पटले. बांबूबरोबर मात्र मी काजू किंवा खारे बदाम यापलीकडे काही ठेवत नाही. मसाल्याची शेव किंवा चकलीसारखा तिखट चकणा असला की व्हरमूथमधली पाने-मुळे तोंडात कळतच नाहीत.

विलेपार्लेकर
सर्वांचे आभार. बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या आहेत. आता एक मूलभूत प्रश्न उरतो. काही ठिकाणी बांबूसाठी फिनोऐवजी अमोंतिय्यादो ही दुसरी शेरी वापरा असे म्हटलेले आढळते. मूळ कृतीत काय होते?

मांडवीचा_खलाशी
हे पेय लुई एपिंगर या जर्मन वंशाच्या बारटेंडरच्या नावावर सांगितले जाते. सॅन फ्रान्सिस्कोत कारकीर्द घडवून तो 1890 च्या सुमारास जपानमधल्या योकोहामाच्या ग्रँड हॉटेलचा कारभार पाहू लागला. ते हॉटेल 1923 च्या भूकंपात जमीनदोस्त झाले. मात्र 'बांबू' नावाच्या शेरी-व्हरमूथच्या पेयाचा उल्लेख 1886 च्या अमेरिकी वृत्तपत्रांतच सापडतो, म्हणजे एपिंगर जपानला पोचण्याआधीच. त्यामुळे त्याने ते जन्माला घातले असे म्हणण्यापेक्षा नावारूपाला आणले असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत 1908 मध्ये छापलेल्या कृतीत निम्मी फ्रेंच व्हरमूथ, निम्मी शेरी, ऑरेंज बिटर्सचे दोन झटके आणि अंगोस्तुराचे दोन थेंब, वर लिंबाचे साल आणि सोबत ऑलिव्ह असे सांगितले आहे. फ्रेंच म्हणजे ड्राय. शेरी कोणती, हे तिथे सांगितलेलेच नाही. तेव्हा दोन्ही पक्षांना भांडायला मैदान मोकळे आहे.

माझे मत फिनोच्या बाजूने आहे. अमोंतिय्यादोने पेय भरीव आणि अक्रोडाकडे झुकणारे होते, ते थंडीच्या गावात शोभते. आपल्याकडे थंडी असते कुठे?

अर्धापेग
अमोंतिय्यादो म्हणजे फ्लोरखाली वाढलेली आणि पुढे हवेत मुरलेली फिनोच ना? मग विलेपार्लेकरांच्या शोकेसमध्ये ती आपोआप तयार होत होती. उगाच फ्रीजमध्ये ढकललीत.

मांडवीचा_खलाशी
अर्धापेग, विनोद चांगला आहे, पण कोणीतरी खरे मानील म्हणून सांगतो. अमोंतिय्यादोमध्ये फ्लोर गेल्यावर मद्यार्क वाढवतात आणि मग ती ओकच्या पिंपांत, जुन्या वाईनमध्ये टप्प्याटप्प्याने मिसळत, वर्षानुवर्षे सावकाश मुरते. शोकेसमधल्या बाटलीत ती नुसती उतरते.

ठाणेकर_आजोबा
माझ्यासारख्या गोड जिभेच्या माणसासाठी यात काहीच सोय नाही काय? कोरडे, खारट, कडू ऐकून ऐकून घसा सुकला.

चाफेकळी
आजोबा, तुमच्यासाठी 'अडोनिस' आहे. ड्राय व्हरमूथच्या जागी तांबडी, गोड व्हरमूथ घालायची, बाकी फिनो आणि ऑरेंज बिटर्स तसेच. 1884 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या आणि सहाशेहून अधिक प्रयोग झालेल्या त्याच नावाच्या संगीत प्रहसनावरून हे नाव पडले. त्या काळात आपल्याकडेही किर्लोस्कर मंडळींची संगीत नाटके गाजत होती, पण त्यांच्या नावाचे सरबतसुद्धा कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. सुरुवातीला दोन्ही समसमान घेऊन पाहा. फारच गोड वाटले तर शेरी दोन भाग आणि व्हरमूथ एक भाग करा. क्रीम शेरी मात्र इथेही नको.

विलेपार्लेकर
आता शेवटची अडचण. घरात पिणारा मी एकटाच आहे. फिनो आठवड्यात संपवायची म्हणजे रोज ग्लास भरायचा, आणि तसे करण्याची माझी तयारी नाही. मग कमी मद्यार्काच्या या पेयासाठी उघडलेली बाटलीच मला जास्त प्यायला लावणार की काय?

वसईवाली
अगदी हाच प्रश्न मी विचारणार होते.

मांडवीचा_खलाशी
फिनो 375 मिलीच्या अर्ध्या बाटलीतही मिळते. मुंबईत ती शोधावी लागते, परदेशाहून येणाऱ्या कोणाला तरी सांगितलेले बरे. ती उघडायची तर शनिवारी मित्रांना बोलावूनच उघडायची. एरवीच्या दिवशी एकट्यासाठी हवे असेल, तर उरलेल्या फिनोत पुदिना, बर्फ आणि लिंबाच्या चवीचा सोडा भरपूर घालावा. सेव्हियाच्या जत्रेत हेच 'रेबुहितो' म्हणून पितात, आणि बाटली किंचित उतरलेली असली तरी त्यात कळत नाही.

रसायनी
खलाशींच्या सूचनेला हिशेब जोडतो. 375 मिली फिनो, 375 मिली ड्राय व्हरमूथ आणि 175 मिली फ्रीजमधले पिण्याचे पाणी एका स्वच्छ बाटलीत एकत्र करावे. त्यात ऑरेंज बिटर्स साधारण एक चहाचा चमचा आणि अंगोस्तुरा पाव चमच्याहून कमी घालून बूच लावावे आणि सकाळीच फ्रीजमध्ये ठेवावे. ढवळताना बर्फातून जे पाणी येते ते आधीच घातलेले असल्याने संध्याकाळी ढवळणे नाही, गाळणे नाही, फक्त थंड ग्लासात ओतायचे. 925 मिली होते, म्हणजे आठ ग्लास. बिटर्स मात्र आधी थोडे कमी घालून चव घ्या. जास्त झाले तर काढता येत नाहीत.

विलेपार्लेकर
हे उत्तम. ऑरेंज बिटर्सची बाटली तळाला आली आहे आणि इथल्या दुकानांत मिळत नाही. आठ ग्लासांना पुरणार नाही असे दिसते. नागपुरी संत्र्याच्या सालीने भागेल का?

चाफेकळी
वासापुरते भागेल, कडवटपणापुरते नाही. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि भुसभुशीत असते, पिळायला गेले की बोटांतच फाटते. फळवाल्याकडून जाड सालीचा माल्टा घ्या, मेण लावलेला असेल तर कोमट पाण्याने घासून धुवा आणि आतला पांढरा भाग न घेता रुंद पट्टी काढा. ती ग्लासावर पिळलीत की तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर पसरलेले दिसतात. कडवटपणासाठी त्या दिवशी अंगोस्तुराचा एक थेंब वाढवा, आणि ऑलिव्ह घालणार असाल तर बरणीतले खारे पाणी ग्लासात जाणार नाही इतके ते निथळून घ्या.